अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघाचं मानधनाचं बजेट: कुणाला, किती आणि कधी

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेतली विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट स्वतःच्या तिजोरीतून पैसे देऊ लागली. त्याआधी, म्हणजे १ जुलै २०२१ पासून, खेळाडू आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमावू शकत होते. पण विद्यापीठाने स्वतः चेक फाडायचा नाही हा नियम कायम होता. 'हाउस विरुद्ध एनसीएए' (कॉलेज खेळांची नियामक संस्था) या खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजूर केली आणि तो नियम गेला. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा ठरली प्रत्येक विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर. रुपयांत पावणेदोनशे कोटींच्या पुढे.

या बदलाच्या सुमारास जवळपास प्रत्येक मोठ्या फुटबॉल संघात 'जनरल मॅनेजर' नावाची खुर्ची आली आहे. स्टॅनफर्डने तर एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, अँड्र्यू लक यालाच तिथे बसवलं. त्या खुर्चीखाली एक्सेल सांभाळणारी पोरं असतात आणि विद्यापीठांच्या अ‍ॅनालिटिक्स विभागांत भारतीय विद्यार्थी नवे नाहीत. तुम्ही त्यांपैकी असाल, किंवा शनिवारी टीव्हीसमोर बसून 'याला एवढे पैसे कशाला दिले?' असं ओरडणाऱ्यांपैकी असाल, तर हे बजेट कसं मांडायचं ते टप्प्याटप्प्याने पाहू. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पैसा वाया जातो तो चुकीच्या खेळाडूवर कमी आणि चुकीच्या महिन्यात, चुकीच्या तुलनेवर जास्त.

पहिला टप्पा: हातात खरोखर किती आहेत?

बातमीतला आकडा फुटबॉलचा नसतो. तो सगळ्या विद्यापीठाचा, सगळ्या खेळांचा मिळून असतो. मोठ्या कॉन्फरन्समधल्या (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट) विद्यापीठांच्या ठरावीक उत्पन्नाची (टीव्ही हक्क, तिकिटं, प्रायोजक) सरासरी काढून तिच्या २२ टक्क्यांवर ही मर्यादा बांधली आहे, आणि पुढच्या वर्षांत ती साधारण ४ टक्क्यांनी वाढते.

आता वजाबाकी. पूर्वी फुटबॉलमध्ये ८५ स्कॉलरशिप देता यायच्या. आता स्कॉलरशिपवरचं बंधन उठलं आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ही मर्यादा आली. जुन्या मर्यादेच्या वर ज्या नव्या स्कॉलरशिप द्याल, सगळ्या खेळांतल्या मिळून, त्यांचे जास्तीत जास्त २५ लाख डॉलर या भांड्यातून वजा धरले जातात. समजा आपलं विद्यापीठ ते पूर्ण वापरतं. उरले १ कोटी ८० लाख. मग इतर खेळ येतात. याच तडजोडीतल्या जुन्या खेळाडूंच्या नुकसानभरपाईचं वाटप ज्या सूत्राने झालं, त्याच्या जवळपास राहून बरीच विद्यापीठं फुटबॉलला ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५ टक्के आणि उरलेलं महिला बास्केटबॉल व इतरांना असं वाटप करतात. महिला खेळाडूंच्या वाट्यावरून 'टायटल नाइन' या शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्याचा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे ७५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. तरी आपल्या उदाहरणापुरता तोच धरू. म्हणजे फुटबॉलचे १ कोटी ३५ लाख डॉलर.

याखेरीज बाहेरचा पैसा असतो: कंपन्यांच्या जाहिराती, देणगीदारांच्या संस्था. तो मर्यादेत मोजला जात नाही, म्हणून प्रत्येक जण त्याच्याकडे आशेने पाहतो. पण ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक बाहेरचा करार 'एनआयएल गो' या डेलॉइटने चालवलेल्या व्यवस्थेत नोंदवावा लागतो. देणगीदारांशी जोडलेल्या संस्थांच्या करारांत तर दोन गोष्टी तपासल्या जातात: जाहिरातीमागे खरा व्यावसायिक हेतू आहे का, आणि रक्कम बाजारभावाच्या आसपास आहे का. त्यामुळे हा पैसा बजेटच्या तक्त्यात वेगळ्या रंगात ठेवा आणि मंजुरी हातात येईपर्यंत शून्य धरा. 'देणगीदार बघून घेतील' या वाक्यावर खेळाडूला शब्द देऊ नका.

दुसरा टप्पा: वर्ष जुलैत सुरू होतं, हंगाम ऑगस्टमध्ये, बाजार जानेवारीत

या भागावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि सगळ्यात जास्त संघ इथेच अडकतात. मर्यादेचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. सामने ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरपर्यंत, प्लेऑफ गाठलं तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. शाळेतून येणारी मुलं डिसेंबरच्या सुरुवातीला सही करतात. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांची यादी, २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी एवढ्याच खिडकीत उघडली. एप्रिलची जुनी खिडकी बंद झाली. म्हणजे संघ बदलण्याचा सगळा गदारोळ त्या पंधरवड्यात, आणि तोही आर्थिक वर्षाच्या बरोबर मधोमध.

परिणाम असा की एकाच वर्षाच्या पैशातून दोन वेगळे संघ पोसावे लागतात. जुलै ते डिसेंबर यंदाचा संघ, जानेवारी ते जून पुढच्या हंगामाचा. १ कोटी ३५ लाख बारा महिन्यांत सारखे वाटले तर महिन्याला सव्वाअकरा लाख होतात. आता समजा कोचने हट्ट धरून ऑगस्टमध्येच दोन जणांना वाढवून दिलं आणि डिसेंबरअखेर ९५ लाख संपले. उरलेल्या ४० लाखांत जानेवारी ते जून परत राहिलेल्या सगळ्यांचे हप्ते आणि पोर्टलमधून आलेल्यांचे पहिले सहा महिने भागवायचे. इकडे त्याच आठवड्यात शेजारचा संघ तुमच्या डाव्या टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणाऱ्या खेळाडूला, फोन करत असतो.

म्हणून तक्ता महिन्यांचा करा. उभ्या ओळीत खेळाडू, आडव्या ओळीत चोवीस महिने, आणि ३० जूनला जाड रेघ. जानेवारीत १२ लाखांना आलेल्या क्वार्टरबॅकचे ६ लाख रेघेच्या अलीकडे पडतात, ६ लाख पलीकडे. ज्यांची खेळण्याची वर्षं संपली त्यांचे हप्ते डिसेंबरला थांबतील असा करार असेल, तर तिथे जागा मोकळी होते. तीच जानेवारीची खरी पुंजी. अंदाजे मापासाठी मी पहिल्या सहामाहीत ५५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. २०२५ चा हंगाम या बाबतीत फसवा होता. मर्यादा लागू होण्याआधी, जूनअखेरपर्यंत, अनेक ठिकाणी देणगीदारांच्या संस्थांनी मोठ्या रकमा आगाऊ देऊन टाकल्या होत्या, त्यामुळे तेव्हाचे भाव पाहून आजचा अंदाज बांधायला जाऊ नका.

तिसरा टप्पा: जागांप्रमाणे वाटप

आधी साधारण ८ टक्के, म्हणजे ११ लाख, बाजूला काढा. त्यांचं काय करायचं ते पुढे येईल. उरले १ कोटी २४ लाख. माझा पहिला मसुदा असा असेल:

- क्वार्टरबॅक: २० लाख
- ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी): २३ लाख
- आतली डिफेन्सिव्ह लाइन (बचावात मधली वाट अडवणारे): १७ लाख
- एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारे): १६ लाख
- रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे): १५ लाख
- कॉर्नरबॅक आणि सेफ्टी (बचावाची मागची फळी) मिळून: १८ लाख
- लाइनबॅकर (डिफेन्सिव्ह लाइनच्या मागे उभे राहणारे): ६ लाख
- रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे): ५ लाख
- टाइट एंड (अडवणारे आणि झेलणारेही): ३ लाख
- किकर, पंटर, स्नॅपर (चेंडू लाथेने मारणारे आणि त्यांच्याकडे तो फेकणारा): १ लाख

सरासरी काढत बसू नका. १०५ जणांत १ कोटी ३५ लाख म्हणजे माणशी एक लाख अठ्ठावीस हजार, आणि या आकड्याचा कुणालाच उपयोग नाही. खालच्या तीस-पस्तीस जणांना स्कॉलरशिपपलीकडे फारसं काही देता येणार नाही, हे आधीच मान्य करून टाका.

वाटपामागचा प्रश्न एकच ठेवा: हा गेला तर त्याच्या जागी जो उभा राहील तो किती वाईट आहे? रनिंग बॅक टीव्हीवर सगळ्यात जास्त दिसतो, पण चांगला रनिंग बॅक शाळेतून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांतही सापडतो. १३५-१४० किलोचा, तरी झटक्यात हलणारा आतला डिफेन्सिव्ह टॅकल देशभरात मोजकाच. तो नसला की मधली फळी फुटते आणि तुमचे लाइनबॅकर कितीही गुणी असले तरी दिवसभर अंगावर येणाऱ्या माणसांना ढकलत बसतात. म्हणून लाइनबॅकरच्या यादीतले पैसे उचलून मी पुढच्या फळीत टाकतो.

एनएफएलचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तिथे संघात ५३ जण, २०२५ ची पगारमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर, आणि नवख्यांचे पगार कराराने बांधलेले. कॉलेजात असं बंधन नाही, शाळेतून आलेला पोरगाही बाजारभाव मागतो. मैदानही वेगळं. चेंडू ज्या दोन ओळींमध्ये ठेवला जातो त्यांतलं अंतर कॉलेजात ४० फूट आहे, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कॉलेजात चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूचं मैदान अफाट मोकळं पडतं आणि तिथे धावून जाऊ शकणारा सेफ्टी किंवा मागच्या फळीतला पाचवा बचावपटू सोन्याचा होतो. माझ्या तक्त्यात बचावाच्या मागच्या फळीला १८ लाख आहेत ते म्हणूनच.

क्वार्टरबॅकबद्दल वाद घालायला नको, पण तो कुठून आणायचा याबद्दल घालायला हवा. जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटचा विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला होता, नोत्र दामचा रायली लेनर्ड ड्यूकहून. पुढच्या वर्षी इंडियाना आणि मायामी खेळले. इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून आलेला, मायामीचा कार्सन बेक जॉर्जियाहून. दोन अंतिम सामने, चार क्वार्टरबॅक, चौघेही दुसऱ्या विद्यापीठात शिकून-चुकून तयार झालेले. शिकवणीची फी दुसऱ्याने भरली होती. २० लाखांतले १४-१५ लाख पहिल्याला, ४ लाख दुसऱ्याला (तो हंगामात एकदा तरी लागतोच), उरलेले शिकाऊ मुलांना.

किकर-पंटरच्या रांगेत एक वेगळीच अडचण असते. कॉलेज फुटबॉलमध्ये पंटर म्हणून ऑस्ट्रेलियन मुलं भरपूर आहेत आणि ती एफ-वन व्हिसावर असतात. त्या व्हिसावर पैसे कमवण्यावर काय काय बंधनं असतात, हे तिकडे एमएस करणाऱ्या आपल्या मुलांना वेगळं सांगायला नको. या रांगेतला प्रत्येक करार आधी विद्यापीठाच्या इमिग्रेशन वकिलाच्या टेबलावर जाऊ द्या. रक्कम छोटी असते, भानगड मोठी होऊ शकते.

चौथा टप्पा: एका माणसाची किंमत

आयपीएलच्या लिलावात दहा संघ एका सभागृहात बसतात, बोली सगळ्यांना ऐकू येते आणि कुणाच्या पर्समध्ये किती उरलेत ते पडद्यावर दिसतं. इथे यातलं काहीच नाही. एजंट फोन करून सांगतो, 'दुसरीकडून सहा लाखांची ऑफर आहे.' खरी आहे की नाही, हे तपासायला साधन नाही. म्हणून फोन येण्याआधी स्वतःचा आकडा कागदावर लिहिलेला हवा.

तो असा काढा. कोच आणि अ‍ॅनालिटिक्सवाल्यांनी मिळून प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्यायचे, आणि त्याच जागेवरच्या बदली खेळाडूलाही. समजा उजव्या टॅकलच्या जागी तुमचा बदली ५५ गुणांचा आहे. पोर्टलमधला एक जण ७५ चा दिसतो, ६ लाख मागतो. तुमचाच गेल्या वर्षीचा टॅकल ६८ चा आहे, ३ लाख मागतो. पहिल्याने २० गुण वाढतात, म्हणजे गुणामागे ३० हजार. दुसऱ्याने १३ वाढतात, गुणामागे साधारण २३ हजार. फार फरक वाटत नाही. पण पहिल्याचे ७५ गुण छोट्या कॉन्फरन्समध्ये, हलक्या एज रशर समोर मिळवलेले आहेत. त्याच्या वाढीतले ३० टक्के कापा. २० चे १४ झाले, गुणामागे जवळपास ४३ हजार. तुमच्या मुलाचे गुडघे, त्याचा अभ्यास, सकाळी सहाच्या सरावाला तो वेळेवर येतो का, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच्याबद्दल तुमच्याकडे फक्त व्हिडिओ आहे.

या सूत्राची एक मर्यादा लक्षात ठेवा. दहा जागांवर दोन-दोन गुण वाढवणं आणि एका जागेवर वीस वाढवणं कागदावर सारखं दिसतं, मैदानावर नाही. क्वार्टरबॅक, एज आणि कॉर्नर या जागांवर एकच माणूस सामना फिरवतो. तिथे गुणामागे जास्त मोजायला हरकत नाही. लाइनमध्ये मात्र सगळ्यात कच्चा दुवा तोडून समोरचे आत घुसतात, तेव्हा तिथे एक तारा आणि चार कच्चे यापेक्षा पाच बरे घ्या. २३ लाखांत पाच जणांना सरासरी साडेतीन, पुढच्या तिघांना दीड-दीड आणि एक लाख बाकीच्यांना, असा हिशोब बसतो.

पाचवा टप्पा: खरेदीचा क्रम

आधी घरचे, मग पोर्टल, शेवटी शाळेतली मुलं. डिसेंबरची सही आधी येत असल्यामुळे पुष्कळ संघ नेमका उलटा क्रम लावतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या पहिल्या तीस जणांची यादी करा आणि कोणाला ठेवण्यासाठी किती लागतील ते लिहा. त्यांच्याशी हंगाम संपायची वाट न पाहता बोला. जानेवारीत बोललात तर तुम्ही आणखी एक ग्राहक असता.

पोर्टलमध्ये दोन्हीकडच्या लाइनचे लोक घ्या. कारण शरीर. अठरा वर्षांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमनला खेळायच्या लायकीचं व्हायला दोन-तीन वर्षं व्यायामशाळेत काढावी लागतात. त्याला शाळेतून मोठ्या रकमेला आणलंत, तर तिसऱ्या वर्षाच्या खेळासाठी पहिल्या वर्षापासून पैसे भरता आणि तिसऱ्या वर्षी तो दुसरीकडे जायला मोकळाच असतो. शाळेतून आणताना मोठी रक्कम रिसीव्हर आणि कॉर्नर यांच्यावर लावा. ते पहिल्याच वर्षी मैदानात उतरू शकतात. बाकीच्यांना जागा, शिक्षण आणि माफक रक्कम. इंडियानाने २०२५ च्या हंगामात १६ पैकी १६ सामने जिंकले ते शाळकरी ताऱ्यांच्या जोरावर नव्हे, तर बाहेरून आणलेल्या, वयाने मोठ्या, शेकडो डाव खेळलेल्या पोरांच्या जोरावर.

सहावा टप्पा: कागद

सगळं लेखी, आणि सगळं महिन्याच्या हप्त्यांत. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा-लास व्हेगास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका पहिले तिन्ही सामने जिंकून संघ सोडून गेला. तोंडी कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, हे त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाने ते मान्य केलं नाही. चारपर्यंत सामने खेळून थांबलं तर खेळाडूचं ते वर्ष मोजलं जात नाही, असा नियम आहे, त्यामुळे सप्टेंबरअखेर हा दरवर्षीचा धोक्याचा आठवडा. त्या आधी कुणाचीही बाकी ठेवू नका.

करारात निदान एवढं असू द्या: खेळाडूने मध्येच सोडलं तर किती परत करायचे किंवा नव्या विद्यापीठाने किती भरायचे, दुखापत झाली तर हप्ते चालू राहतील का, आणि मुख्य कोच गेला तर काय. कोच बदलला की त्या संघासाठी पोर्टलची वेगळी खिडकी उघडते. सोडून जाण्याच्या रकमेवर फार भिस्त मात्र ठेवू नका. विस्कॉन्सिनने जून २०२५ मध्ये मायामीवर, आपल्याशी करार झालेला खेळाडू फूस लावून नेला म्हणून खटला भरला. असली प्रकरणं कोर्टात लांबतात आणि हंगाम थांबत नाही. खेळाडूला करांबद्दलही सांगा. तो नोकर नाही, पगारातून कर कापून जात नाही, दर तिमाहीला अंदाजाने स्वतःच भरावा लागतो, नाहीतर एप्रिलमध्ये दंडासह अंगावर येतो. वीस वर्षांच्या मुलाने तोवर ट्रक घेतलेला असतो.

रकमा गुप्त राहतील असं समजू नका. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना सगळं कळतं. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको यामालिआव्हा करार वाढवून मागण्याच्या बातम्यांदरम्यान सरावाला आला नाही आणि संघाने त्याला सोडून दिलं. तो यूसीएलएला गेला. एकाला हंगामाच्या तोंडावर वाढवून दिलं असतं तर उरलेले शंभर जण दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. प्रत्येक जागेसाठी तीन-चार पट्टे ठरवा आणि पट्ट्याबाहेर जायचं असेल तर कोच आणि क्रीडा संचालक दोघांची सही लागेल, असा नियम करा.

राखीव ११ लाख, आणि फेब्रुवारीचं काम

राखीव रकमेला तीनच दारं ठेवा: जानेवारीत अचानक मोकळा झालेला मोठा खेळाडू, हंगामात उजळून निघालेल्या घरच्या मुलाला ठेवण्यासाठीची वाढ, आणि बाहेरचा करार नामंजूर झाल्यावर पडलेलं भगदाड. शेवटच्या प्रकारात खेळाडूला दिलेला शब्द मोडायचा की मर्यादेतून भरायचा, हे त्या रात्री ठरवावं लागतं आणि तेव्हा हातात पैसे असलेले बरे. १६ जानेवारीनंतर जे उरेल ते साचवू नका, पुढच्या वर्षी नेता येत नाही. ठेवायच्याच मुलांचे हप्ते ३० जूनच्या रेघेअलीकडे ओढून घ्या, म्हणजे पलीकडचं वर्ष तेवढं हलकं होतं.

फेब्रुवारीत दोन याद्या करा. एक, ज्यांना पैसे दिले त्यांनी वाढवलेले गुण आणि दिलेली रक्कम. दुसरी, आणि ही कुणी करत नाही, ज्यांना आपण नाही म्हटलं ते कुठे गेले, तिथे किती डाव खेळले आणि आपल्या अंदाजापेक्षा किती वर-खाली निघाले. छोट्या कॉन्फरन्सच्या वाढीतून आपण ३० टक्के कापले होते. दोन वर्षांच्या नोंदी जमल्या की तो आकडा टॅकलसाठी २० आणि कॉर्नरसाठी ४० करावा लागेल, असंही दिसू शकतं. तो बदल जुलैच्या तक्त्यात लगेच घाला, नोव्हेंबरमध्ये वेळ मिळत नाही.